डब्यात उरलेले भाद्रपदाचे कार्ड

मी, ललिता काशीराम हाटे, वय सत्तावीस पूर्ण, बालवाडी शिक्षिका, राहणार दासगाव, तालुका महाड, जिल्हा रायगड, माझ्या मागे काय व्हावे हे लिहिण्याआधी एक दुरुस्ती करते.

दिनांक २२ जानेवारी १९८४ रोजी मी जे मृत्युपत्र लिहिले त्याच्या चौथ्या कलमात असे वाक्य आहे: "मैत्रीकुटी सोडल्यापासून आजतागायत मी रोज पहाटे एक तास बसले आहे, आणि दर पौर्णिमेला पाठवलेली कार्डे त्याचा पुरावा आहेत." हे वाक्य खोटे आहे. गेल्या भाद्रपदापासून मी बसलेली नाही. कार्डे मात्र गेली. मैत्रीकुटी आणि बसणे म्हणजे काय ते पुढे चौथ्या कलमात, आणि कार्डे कशी गेली ते सहाव्या कलमात येईल. ते वाक्य ज्या कागदावर आहे तो सगळाच कागद मी रद्द करते. त्यातले घर, पासबुक वगैरे खरे होते, तरी एक खोटे वाक्य असलेला कागद माझ्या मागे राहावा असे मला वाटत नाही.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याने हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. सोमवार, दिनांक २० फेब्रुवारी रोजी मुंबईच्या इस्पितळात भरती व्हायचे आहे, त्यानंतर ऑपरेशन. डोक्याला काही झालेले नाही, तसा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. भीती वाटते, ती लपवत नाही. महाडच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे श्रीपतराव मालुसरे यांना मी विचारले, "भीतीच्या भरात लिहिलेलं मृत्युपत्र रद्द होतं का?"

ते म्हणाले, "तसं असतं तर बाई, एकही टिकलं नसतं."

हे मी दासगावच्या घरी पडवीत बसून लिहीत आहे. आई चंपाबाई शेजारी आहे, साक्षीसाठी आलेले श्रीपतराव समोर आहेत. प्रत्येक कलम लिहून झाले की तिला मोठ्याने वाचून दाखवते आणि मगच पुढचे घेते. तिला अक्षर येत नाही. वाचून दाखवण्याचे कारणही सहाव्या कलमात आहे.

कलम १. दासगावचे घर, दोन खोल्या आणि पडवी, वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधले. त्यांच्यामागे ते आई, माझा थोरला भाऊ दत्ताराम आणि मी अशा तिघांच्या नावावर आले. माझा हिस्सा आईला. आईनंतर दत्तादादाला, पण अट अशी की आईला तिच्या मर्जीविरुद्ध मुंबईला नेऊ नये. मर्जी आहे की नाही हे तिला एकटीला विचारावे, जानकीवहिनींसमोर नव्हे.

(येथे आई म्हणाली, "ह्ये कशाला लिवलंस? जानकी वाईट नाय." जानकीवहिनी वाईट नाहीत. त्यांच्यासमोर आई कशालाच नाही म्हणत नाही, एवढेच मला लिहायचे होते.)

कलम २. पोस्टातल्या पासबुकावर आईचे नाव लावलेले आहे. मुंबईच्या खर्चातून उरेल ते तिचे. पासबुक पत्र्याच्या पेटीत आहे. पूर्वी ते वडिलांच्या फोटोमागे होते, उंदरांमुळे हलवले. शोधताना फोटो उगाच काढू नये, त्याची काच आधीच तडकलेली आहे.

कलम ३. वडील गवंडी होते. त्यांची थापी, फावडे आणि पाण्याची पातळी बघायची नळी दत्तादादाला. तो मुंबईत गोदामात काम करतो, त्याला त्यांचा उपयोग नाही, पण वडिलांचे हत्यार मुलाकडे असावे. ओळंबा मात्र मैत्रीकुटीला द्यावा. तिथल्या दालनाची दक्षिणेकडची भिंत त्याच ओळंब्याने बांधलेली आहे.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती वडिलांची भाकरी घेऊन. १९७७ साल असेल. मी तेव्हा अकरावी होऊन घरीच होते, आमच्या घरातली शाळा पूर्ण केलेली पहिली. वडील भिंतीवर होते आणि खाली बाई उभ्या होत्या. बाई म्हणजे प्रयागबाई, ज्यांनी ती जागा उभी केली. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, निवृत्त झाल्यावर एका वृद्ध भंतेंकडून साधना शिकल्या आणि घाटाच्या पायथ्याला जमीन घेऊन राहिल्या.

वडील त्यांना म्हणत होते, "बाय, राग मानू नका. आपली मानसं हजार वर्सांनी डोळे उघडून उभी राहिली. आनि तुमी त्यांना परत डोळे मिटून बसायला सांगताव."

बाई म्हणाल्या, "काशीराम, भिंत सरळ आहे का बघताना एक डोळा तुम्हीसुद्धा मिटताच की."

वडील हसले नाहीत. पण त्यांनी ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिले आणि दोन विटा काढून पुन्हा लावल्या. पुढे १९७९ साली ते वारले आणि मी तिथे राहायला गेले, तेव्हा हे आठवून गेले.

कलम ४. मैत्रीकुटीतले माझे आसन. पहिल्या मृत्युपत्रात मी ते दत्तादादाच्या मुलीला दिले होते. ते देण्याचा मला अधिकार नाही, म्हणून तीही चूक. श्रीपतराव म्हणाले, "लोक मृत्युपत्रात जमीन लिहितात. तुम्ही बसायची चटई लिहिताय."

"लिहू नये का?"

"लिहा की. मला तीस वर्षांत चटईवरून भांडणारे भाऊ दिसले नाहीत, म्हणून बोललो."

ज्यांनी मैत्रीकुटी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी लिहिते. पोलादपूर सोडले की घाटाच्या पायथ्याला एक वाडी आहे, तिथून दीड तासाचा चढ. वर तीन खोल्या आणि एक दालन. आठ-नऊ बायका कायम राहतात, बाकीच्या दहा दिवसांच्या शिबिराला येतात, कोणी शेतातून, कोणी शाळेतून, कोणी मुलाबाळांना सासूकडे ठेवून. पहाटे पाच ते सहा सगळ्या दालनात बसतात. बसणे म्हणजे डोळे मिटून आपला श्वास येतो आणि जातो तो पाहणे. दुसरे काही नाही. मंत्र नाही, मागणे नाही.

प्रत्येक बाईने आपले आसन स्वतः शिवायचे असते, घरच्या जुन्या कपड्यांचे. माझे वडिलांच्या धोतराचे आणि आईच्या दोन लुगड्यांचे आहे. जी मैत्रीकुटी सोडून जाते तिचे आसन तिच्या जागेवरच राहते. जाणारीने आपल्या घरी, वर घंटा होते त्याच वेळी बसायचे आणि दर पौर्णिमेला एक कार्ड टाकायचे. कार्डावर तारीख आणि "बसले" किंवा "बसले नाही." वाटल्यास आणखी चार ओळी लिहाव्यात, पण दालनात मोठ्याने वाचला जातो तो तेवढाच शब्द.

"बसले नाही" आले तर कोणी रागावत नाही. वरचीच कोणीतरी एक तिचा वाटा उचलते. महिनाभर रोज संध्याकाळी एक जादा तास, गेलेलीच्या आसनावर. कोण बसली ते गेलेलीला कळवायचे नाही असा नेम आहे. आणि आसनाची बाई वारली की आसन उसवून त्याचे तुकडे बाकीच्यांच्या आसनांना लावतात.

या नियमात शिक्षा कुठेच नाही. असती तर मला ते सोपे गेले असते.

सबब माझे आसन मी कोणालाही देत नाही. नियमाप्रमाणे व्हावे.

कलम ५. दत्तादादाबद्दल. मार्च १९८१ मध्ये तो मला न्यायला वर आला होता. दालनाच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "डोळे मिटून बसायला काय जातंय? घरात चूल पेटवायला मानूस लागतं." तीन वर्षे मी हे वाक्य धरून ठेवले. त्याच्याशी पत्रात "प्रिय दादा" लिहायचे बंद केले, नुसते "दादास" लिहू लागले. त्याने मला ओढून नेले असे मी मैत्रीकुटीतल्या चंद्रामावशीला सांगितले, बाईंना सांगितले, पहिल्या मृत्युपत्रातही लिहिले.

खरे असे आहे की त्याच्या आदल्या आठवड्यात बालवाडीच्या नोकरीचे पत्र आले होते आणि मी ते कोणाला दाखवले नव्हते. मला नोकरी हवी होती. महाडचा बाजार, माझा पगार, चहात दूध, मुलांचा गोंगाट, हे सगळे हवे होते. दादा आला म्हणून मला निघताना कारण सांगावे लागले नाही. त्याचे वाक्य वाईट होते, पण माझी सुटका त्यानेच केली. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी दत्तादादाने करावी. दुसऱ्या कोणावर माझा तेवढा भरवसा नाही. त्याला लिहिलेल्या पत्रांत राहून गेलेले सगळे "प्रिय" त्याने येथे वाचावेत.

(आई म्हणाली, "नोकरीचा कागद तू चुलीमागं लपवला व्हतास. मला म्हाईत व्हतं." मी विचारले, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुझा कागद. तू बोलायचंस.")

कलम ६. कार्डे.

गेल्या ऑगस्टमध्ये चालताना धाप लागू लागली. महाडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि सांगितले की कधीही मुंबईला न्यावे लागेल, तयारीत राहा. मला पहिली काळजी ही पडली की इस्पितळात असताना पौर्णिमा आली तर कार्ड चुकेल. अडीच वर्षांत एक चुकले नव्हते. म्हणून श्रावण पौर्णिमेचे कार्ड टाकल्यावर मी पोस्टातून सहा कार्डे आणली आणि एका बैठकीत लिहून ठेवली. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. दिनदर्शिकेतून तारखा काढल्या. पौष आणि माघ पुढच्या वर्षातले असल्याने शाळेतल्या नव्या दिनदर्शिकेची वाट न पाहता बाजारातल्या एका पंचांगवाल्याला विचारून तारखा घातल्या, माघाची १६ फेब्रुवारी १९८४. सहाही कार्डांवर "बसले" लिहिले.

तेव्हा मी बसत होते. पुढे बसणार नाही असे मनातही आले नाही. "बसले नाही" असे आगाऊ लिहिणे म्हणजे आपणच आपले वाईट चिंतणे असे वाटले. आणखी एक गोष्ट मनात होती, तीही लिहिते. मी "बसले नाही" लिहिले तर माझा तास चंद्रामावशी उचलणार हे मला ठाऊक होते. मावशी म्हणजे चंद्राबाई, खालच्या वाडीची, मैत्रीकुटीचा स्वयंपाक करते, पन्नाशी उलटलेली आहे आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. कोणाचाही वाटा उचलायचा म्हटले की हात तिचाच आधी वर जातो.

कार्डे सुतळीने बांधून, सर्वांत वर भाद्रपद, अशी आईच्या हाती दिली. सांगितले, दर पुनवेला वरचे एक कार्ड पेटीत टाकायचे. आईने ती चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात ठेवली.

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, पहाटे बसले असता श्वास पाहू लागले आणि तो मधेच थांबला असे वाटले. उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. जो श्वास पाहायला मला शिकवले होते, तोच आता पाहवत नव्हता. डोळे मिटले की छातीतला ठोका मोजू लागे आणि पुढचा येईल ना याची वाट पाहत राही. दोन मिनिटांच्या वर बसू शकले नाही. मग दोन मिनिटेही सोडली.

कार्ड थांबवता आले असते. डबा हाताच्या अंतरावर होता. मी दर पौर्णिमेला फक्त विचारत होते, "टाकलंस?" आणि आई म्हणायची, "टाकलं गो." मी स्वतः एकही टाकले नाही. माझ्या हातून गेले तर ते माझे खोटे, आईच्या हातून गेले तर तेवढे नाही, असे काहीतरी मी मनात धरले होते. आईला वाचता येत नाही, याचा मी आडोसा केला. आमच्या घरात पहिली शिकलेली मी, आणि शिकून मी हे केले.

म्हणून हे मृत्युपत्र तिला शब्द न् शब्द वाचून दाखवत आहे.

(हे कलम आईने दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, "म्हंजी मी पाच म्हयने खोटं टाकीत व्हते." मी म्हटले, खोटे माझे होते. ती म्हणाली, "तुझा बाप अंगठा देन्याआधी दर टायमाला विचारायचा, काय लिवलंय त्यात. मोठा सायब असला तरी विचारायचा. मी तुला नाय विचारलं. तू शिकलेली म्हनून." हे तिच्याच शब्दांत लिहावे असे ती म्हणाली, म्हणून लिहिले.)

कलम ७. दिनांक १ फेब्रुवारी, बुधवार. मुंबईचे पत्र आले, भरती वीस तारखेला. मी विचार केला की माघाचे कार्ड तरी थांबवावे. डबा उघडला. आत एकच कार्ड होते, आणि ते माघाचे नव्हते. भाद्रपदाचे होते. २२ सप्टेंबर १९८३, बसले.

आईला विचारले. ती म्हणाली, "मी तर वरचंच टाकलं."

मग कळले. गठ्ठा हातात आल्यावर तिने तो डब्यात पालथा ठेवला होता. अक्षरे वरच्या बाजूला राहिली तर चुलीचा धूर बसेल, काजळी धरेल, लिहिलेल्यावर असे होऊ देऊ नये, म्हणून. आमच्या घरात वहीसुद्धा अशीच पालथी ठेवतात. त्यामुळे खालचे वर झाले. भाद्रपद पौर्णिमेला गेले ते माघाचे कार्ड. आश्विनात पौषाचे. आणि असेच पुढे.

म्हणजे गेल्या सप्टेंबरमध्ये प्रयागबाईंच्या हातात जे कार्ड पडले त्यावर पाच महिन्यांनंतरची तारीख होती आणि पुढे लिहिले होते, बसले. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी मात्र त्यानंतर चार वेळा समाधानाने विचारले होते, टाकलंस?

त्या दिवशी मी बालवाडीत गेले नाही. दोन दिवस मला वाटत होते की ऑपरेशनच्या टेबलावर मेलेले बरे, कारण मग वर जाऊन तोंड दाखवावे लागणार नाही. हेही लिहून ठेवते, कारण डॉक्टरांना विचारायला सुचले नाही की असा विचार आल्याने हृदयाला काही होते का.

कलम ८. शुक्रवारी, ३ फेब्रुवारीला, चंद्रामावशी मैत्रीकुटीचे सामान घ्यायला महाडला उतरली आणि नेहमीप्रमाणे बालवाडीच्या दारात येऊन बसली. मी तिला पाणी दिले आणि उभ्यानेच विचारले, "मावशी, माझी कार्डं उलटी आली?"

ती म्हणाली, "आली की. भादव्यातच कळलं गो. बाईंनी वाचलं, माघ पौर्णिमा, बसले. आमी सगळ्या बोटावर म्हयने मोजायला लागलो. एक नवी बाय बोलली, ललिताच्या गावात पंचांग येगळं हाय काय."

"हसलात?"

"लय हसलो. मग आशिनात पौष आला, तवा तर वाटच बघायला लागलो, आता कंचा म्हयना येतोय."

"आणि बाई?"

"बाई नाय हसल्या. बोलल्या, आगाऊ कार्डं कोन लिवतं? ज्याला पुढं लिवायला मिळंल का नाय याचं भ्या हाय तो. ही पोर आजारी हाय."

मी म्हटले, "पण मी खोटं लिहिलं, मावशी. मी बसत नाही. भाद्रपदापासून नाही."

"म्हाईत हाय. बसनारी त्या त्या पुनवेला लिवती, आदी नाय."

"मग कोणी काही कळवलं का नाही?"

"बाई बोलल्या, माघ अजून यायचाय. न आलेल्या दिवसाचं कार्ड खोटं कसं म्हनायचं? पेटीत ठेवा. ते ठेवलंय."

मी विचारले, "माझा तास कोण बसतं?"

"ते सांगायचा नेम नाय." असे म्हणून ती उठू लागली आणि उठताना दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिले. तिने पदर ओढून गुडघ्यांवर घेतला.

जाताना म्हणाली, "तू वर चढू नको हा. तुझं तोंड बघ कसं झालंय, भाताच्या पेजेवानी."

प्रयागबाईंचा मोठेपणा मला समजतो. पण त्यांचे वाक्य एका कार्डापुरतेच आहे. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष या चार पौर्णिमा होऊन गेल्या, त्या चारही कार्डांवरचे "बसले" खोटे आहे. त्यांना कोणी सांभाळून घेऊ नये. ती चार कार्डे मैत्रीकुटीच्या पेटीतून काढून, प्रत्येकावर "नाही" हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहीन. मी गेले तर दत्तादादाने लिहावा. उरलेले भाद्रपदाचे कार्ड या मृत्युपत्राला टाचून ठेवले आहे. त्यावर "नाही" लिहिलेला आहे.

कलम ९. माझी लोकरीची शाल आणि शेकायची रबरी पिशवी चंद्राबाईला द्यावी, माझी वाट न पाहता, मी जिवंत असले तरी. पिशवीचे बूच घट्ट बसत नाही, आत कापडाची पट्टी घालावी. तिने घेतलेल्या तासांची ही परतफेड नाही. ती होत नाही.

कलम १०. बालवाडीच्या मदतनीस सुंदराबाई सकपाळ या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत, त्यामुळे त्यांना काही देता येत नाही असे श्रीपतरावांनी सांगितले. त्यांची काळी छत्री मागच्या जुलैपासून माझ्याकडे आहे. ती मी त्यांना देत नसून परत करत आहे. बालवाडीतले रंगीत ठोकळे संस्थेचे आहेत, दोन कमी आहेत, ते मी हरवलेले नाहीत, पण त्यांची जबाबदारी माझ्याकडे होती.

कलम ११. माझा विधी बौद्ध पद्धतीने, साधा व्हावा. प्रेत मुंबईहून आणण्याचा हट्ट धरू नये. आईला खोटे सांगून, मी अजून आजारी आहे म्हणून, मुंबईला नेऊ नये. मेले असेन तर मेली असेच सांगावे. या घरातून आता तिला न कळणारे काही जाऊ नये.

कलम १२. मी स्वतः जाऊन प्रयागबाईंना आणि दालनातल्या सगळ्यांना हे तोंडाने सांगणार आहे. पत्र लिहिणार नाही. माझ्या लिहिण्यावर सध्या माझाच विश्वास नाही.

येथे श्रीपतराव म्हणाले, "नुसतं जाणार आहे असं लिहून कलम होत नाही, बाई. दिवस घाला. दिवस नसला की ती इच्छा झाली, आणि इच्छा सगळ्यांच्याच असतात."

दिवस ठरत नाही. दोन दिवस समोर आहेत. एक, ऑपरेशननंतर बरी होऊन, पाडव्याच्या पुढे. डॉक्टर म्हणतात तेव्हा चढसुद्धा चढू शकेन. हे शहाणपणाचे आहे, आणि यात एक सोय अशी की मी वाचलेच नाही तर सांगावे लागणार नाही. ती सोय मला दिसते आहे म्हणूनच मला या दिवसाची भीती वाटते.

दुसरा, येती माघ पौर्णिमा, भरतीच्या चार दिवस आधी. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढायला मनाई केली आहे, आणि ती मी मोडणार नाही. पण पायथ्याच्या वाडीत चंद्रामावशीच्या बहिणीचे घर आहे, एसटी थांबते तिथून पन्नास पावलांवर. आदल्या दुपारच्या गाडीने जाऊन तिथे राहता येईल. तिच्या अंगणात पहाटेची वरची घंटा ऐकू येते, मैत्रीकुटीत राहत असताना खाली मुक्कामाला उतरले की मी ती अनेकदा ऐकलेली आहे. घंटा झाली की तिथेच बसायचे. सहानंतर मावशी खाली येईल, तिच्याबरोबर ज्या येतील त्यांना सांगायचे. प्रयागबाईंचे वय बहात्तर आहे, त्यांनी माझ्यासाठी उतरू नये. त्या उतरतील हीसुद्धा मला काळजी आहे.

दोन मिनिटांत उठावे लागले तर काय, हे मला माहीत नाही. तसे झाले तर तसे सांगेन. एक कोरे कार्ड बरोबर घेईन.

(आई म्हणाली, "मी येनार. तुला धाप लागली तर पानी कोन देनार?" मग थोड्या वेळाने, "आनि ते कार्ड टाकायचं झालं, तर टाकायच्या आधी मला वाचून दाखव.")

दिवसाची जागा मोकळी ठेवून सही करत आहे. सही झाल्यावर भरेन. सही करेपर्यंत माझा धीर होत नाही.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिले आणि आईला वाचून दाखवले. यात काही चुकले असल्यास ते माझे, लबाडीने काही लिहिलेले नाही.

ठिकाण: दासगाव
दिनांक: रविवार, ५ फेब्रुवारी १९८४

ललिता काशीराम हाटे (सही)

साक्षीदार, यांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर सह्या केल्या:

१. श्रीपत बाबाजी मालुसरे, अर्ज लिहिणारे, महाड (सही)
२. सुंदराबाई रामा सकपाळ, बालवाडी मदतनीस, महाड (सही)

सह्यांनंतर, दोन्ही साक्षीदार बसलेले असताना, कलम १२ मधली मोकळी जागा मी भरली. श्रीपतरावांनी आणि सुंदराबाईंनी तिच्या शेजारी पुन्हा सह्या केल्या. आईने विचारले, "काय लिवलंस त्यात?"

तिला वाचून दाखवले: गुरुवार, माघ पौर्णिमा, दिनांक १६ फेब्रुवारी १९८४, पहाटे पाच.